हकीम अजमल खान आणि त्यांच्या नावाचे औषध

(लेखक : सहशिक्षक, बी. ए., बी. एड., वटार)



थोर पुरुषांच्या नावाने रस्ते असतात, बागा असतात, शाळा आणि दवाखाने असतात. दिल्लीच्या करोलबागेत हकीम अजमल खान यांच्या नावाचा रस्ता आहे व उद्यानही आहे. परंतु आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, या थोर हकीमांचे नाव एका औषधालाही मिळालेले आहे. त्या औषधाचे नाव अजमलीन. हृदयाचे ठोके बेताल झाले असता ते तालावर आणण्यासाठी ते वापरले गेले आणि आजही जगातील मोठमोठ्या रुग्णालयांत एका विशिष्ट तपासणीसाठी ते वापरतात. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या नाडीवर बोट ठेवले, त्याच्या नावाचे औषध हृदयाच्या तालाशी निगडित असावे, हा योगायोग खरा. पण ते नाव योगायोगाने मिळालेले नाही. ते कसे मिळाले आणि त्या औषधापासून आपल्या घरातील माणसांनी काय शिकावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

हकीम अजमल खान यांचा जन्म १८६८ साली दिल्लीत झाला. बल्लीमारान मोहल्ल्यातील शरीफ मंझिल ही त्यांची वडिलोपार्जित हवेली. हकीम शरीफ खान या मोगल काळातील नामांकित हकीमांवरून या घराण्याला शरीफखानी म्हणत. वडील हकीम महमूद खान यांची कीर्ती दूरवर पसरलेली होती. १८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, तेव्हा शहरात कत्तल आणि लूट चालली होती. हे हकीम घराणे पतियाळाच्या महाराजांच्या पदरी असल्यामुळे महाराजांच्या शिपायांनी त्या गल्लीवर पहारा ठेवला आणि ती वाचली. एका शीख राजाच्या कृपेने वाचलेल्या घरात पुढे अकरा वर्षांनी अजमल खान जन्मले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लहानपणी त्यांनी कुराण शरीफ मुखोद्गत केले. अरबी, फारसी यांचा अभ्यास झाला. तिब म्हणजे युनानी वैद्यक त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून आणि दिल्लीतील जाणत्या हकीमांकडून शिकून घेतले. १८९२ साली वडील निवर्तले. त्याच वर्षी अजमल खान रामपूरच्या नवाबांचे खास हकीम म्हणून रुजू झाले. रामपूरचे ग्रंथालय अरबी-फारसी हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध होते आणि आजही आहे. त्या ग्रंथांच्या सहवासात त्यांची विद्वत्ता पक्व झाली. ते उर्दू व फारसीत काव्यही करीत. त्यांचे कविनाम शैदा असे होते.

थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी १८८० नंतरच्या दशकात दिल्लीत मदरसा तिब्बिया नावाची वैद्यकशाळा काढली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच दोन्ही वडील बंधू अल्लाहला प्यारे झाले आणि शाळेचा सारा भार अजमल खान यांच्या खांद्यावर आला. एव्हाना त्यांचे नाव हिंदुस्थानभर झाले होते. संस्थानिक त्यांना मोठमोठ्या रकमा देऊन बोलावीत. दिल्लीबाहेर जायचे तर दिवसाला एक हजार रुपये, पण जो रोगी दिल्लीत त्यांच्या दारी येईल तो राजा असो वा हमाल, त्याच्याकडून पैसा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता असे सांगतात. हा पैसा गेला कुठे? तो शाळेत गेला, दवाखान्यात गेला आणि पुढे जामियात गेला. त्यांनी हिंदुस्थानी दवाखाना नावाचा औषधांचा कारखाना उभारला आणि त्याचे उत्पन्न तिब्बी शिक्षणासाठी लावून दिले. संस्था चालवायची तर दरवर्षी नुसती झोळी पसरून भागत नाही, तिला स्वतःचे उत्पन्नाचे साधन हवे, हे त्यांनी ओळखले होते.

पालकभगिनींनी पुढील गोष्ट ध्यानात घ्यावी. १९०९ साली त्यांनी स्त्रियांना वैद्यक आणि सुईणकाम शिकविण्याची शाळा दिल्लीत उघडली. त्या काळी पडद्यातील स्त्री पुरुष डॉक्टरपुढे येत नसे. बाळंतपणात अडाणी सुईणीच्या हातून किती माता आणि बालके दगावत, याची कल्पनाच करावी. पडदा मोडा असे सांगत बसण्यापेक्षा पडद्याच्या आत शिकलेली स्त्री पोहोचविणे त्यांनी अधिक महत्त्वाचे मानले. आपल्या मुलीला विज्ञान शाखेत घालावे की नाही याचा विचार करणाऱ्या बापाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निर्णय आठवावा.

आता आपल्या मुंबई इलाख्याचा संबंध येतो. १९१२ साली मुंबई सरकारने वैद्यकीय नोंदणीचा कायदा केला. हिंदुस्थानातील असा हा पहिलाच कायदा. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी असलेल्यांचीच नोंद त्यात होई. वैद्य आणि हकीम त्याच्या बाहेर राहिले. याची चाहूल लागताच अजमल खान यांनी देशातील हकीम व वैद्य यांना एकत्र आणून १९१० साली अखिल भारतीय परिषद भरविली. वैद्यांची बाजू वेगळी आणि हकीमांची वेगळी, असे त्यांनी होऊ दिले नाही. पण त्यांचे खरे मोठेपण पुढेच आहे. सरकारने आमची विद्या मान्य करावी एवढे मागून ते थांबले नाहीत. आमच्या विद्येत जे मागे पडले आहे ते आम्हीच सुधारले पाहिजे, हेही त्यांनी आपल्या लोकांना सुनावले. शरीररचना आणि शस्त्रक्रिया हे विषय हकीमांनी शिकले पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. लखनौच्या काही मातब्बर हकीमांना हे मुळीच रुचले नाही. तिबमध्ये पाश्चात्त्यांची भेसळ होते असे त्यांना वाटे. अजमल खान यांनी भांडण वाढविले नाही आणि माघारही घेतली नाही.

१९११ साली ते युरोपला गेले. लंडन आणि इतर शहरांतील रुग्णालये, वैद्यक विद्यालये, ग्रंथालये त्यांनी बारकाईने पाहिली. लंडनमध्ये त्यांची गाठ डॉ. मुख्तार अहमद अन्सारी या तरुण हिंदी शल्यवैद्याशी पडली आणि ती मैत्री जन्मभर टिकली. परत आल्यावर मोठ्या विद्यालयाची उभारणी सुरू झाली. १९१६ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते करोलबागेत कोनशिला बसली. पाच वर्षांनी, फेब्रुवारी १९२१ मध्ये, त्याच इमारतीचे उद्घाटन झाले ते महात्मा गांधींच्या हस्ते. या पाच वर्षांत देश किती बदलला आणि हकीमसाहेब किती बदलले, हे या दोन पाहुण्यांवरून उमगते. विद्यालयाचे नाव आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज. वैद्य आणि हकीम एकाच छताखाली शिकू लागले.

सरकारने त्यांना १९०८ साली हाजिक-उल्-मुल्क हा किताब दिला होता, पुढे कैसर-इ-हिंद पदकही दिले. १९२० साली असहकाराच्या चळवळीत त्यांनी हे सारे परत केले. लोकांनी त्यांना मसीह-उल्-मुल्क म्हणजे देशाचा जीवनदाता म्हटले. सरकारी किताब गेला, लोकांनी दिलेला मात्र अखेरपर्यंत राहिला. १९१९ साली ते मुस्लिम लीगच्या अमृतसर अधिवेशनाचे अध्यक्ष होते. १९२१ साली अहमदाबाद काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्यामुळे अध्यक्षपदाची धुरा अजमल खान यांनी सांभाळली. खिलाफत चळवळीतही ते अग्रभागी होते. हिंदू-मुसलमानांच्या एकीवर त्यांचा जीव होता. १९२३ नंतर जागोजाग दंगे उसळले, तेव्हा त्यांना अतोनात क्लेश झाले.

२९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था स्थापन झाली. हकीमसाहेब तिचे पहिले अमीर म्हणजे कुलपती. आरंभी खिलाफत समितीकडून पैसा येई. १९२४ साली तुर्कस्तानातच खिलाफत रद्द झाली आणि तो झरा आटला. संस्था बंद करावी असा सूर निघू लागला. अजमल खान यांनी १९२५ साली ती अलीगढहून दिल्लीला, आपल्या करोलबागेत आणली आणि पुष्कळसा खर्च स्वतःच्या खिशातून चालविला. शिक्षकांचे पगार थकत. ते भागविण्यासाठी त्यांनी संस्थानिकांकडे खेपा घातल्या. ज्या माणसाच्या भेटीसाठी राजे ताटकळत, तो माणूस मुलांच्या शाळेसाठी हात पसरीत होता. आपली शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांना यातील दुःख आणि अभिमान दोन्ही समजतील.

डिसेंबर १९२७ च्या अखेरीस रामपूर येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय साठीच्याही आत. दिल्लीत पंचकुइयाँ मार्गावर हजरत रसूलनुमा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. त्यांच्या मागे जामिया मोडली नाही. १९२८ साली डॉ. झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरमहा दीडशे रुपयांहून अधिक न घेता वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची शपथ घेतली. १९३५ साली ओखल्याच्या नव्या जागेत कोनशिला बसविली ती कुणा मंत्र्याने अथवा नवाबाने नव्हे, तर शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याने. झाकीर हुसेन पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले आणि जामिया १९८८ साली केंद्रीय विद्यापीठ झाली.

आता औषधाची हकीकत. परंपरेने चालत आलेल्या वनस्पती प्रयोगशाळेत तपासल्या पाहिजेत, त्यांच्यातील गुण कोणत्या द्रव्यात आहे हे शोधले पाहिजे, अशी अजमल खान यांची मोठी इच्छा होती. त्यासाठी त्यांनी सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुणाला हेरले. अलीगढला शिकून सिद्दिकी युरोपात गेले होते आणि १९२७ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे रसायनशास्त्रात डॉक्टर झाले होते. त्यांनी येऊन तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था उभी केली. पण ती बहरलेली पाहण्यास हकीमसाहेब राहिले नाहीत.

सिद्दिकींनी सर्पगंधेची मुळी हाती घेतली. ही झुडुपवजा वनस्पती आपल्या कोकणात व सह्याद्रीतही उगवते. वेड, निद्रानाश, सर्पदंश यांवर तिची मुळी देण्याची चाल फार जुनी. १९३१ साली सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी यांनी या मुळीतून पाच अल्कलॉइडे निराळी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील एकाला त्यांनी आपल्या दिवंगत आश्रयदात्याच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. शिष्याने स्वतःचे नाव न देता गुरुतुल्य माणसाचे दिले, हा अदब आजच्या विद्यार्थ्यांनी शिकण्यासारखा आहे.

त्याच वर्षी कलकत्त्याचे गणपती सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा वेडावर व वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचे नोंदविले. आणि मुंबईच्या परळ येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिची पद्धतशीर चाचणी घेऊन १९४९ साली इंग्लंडच्या हृदयविषयक नियतकालिकात निष्कर्ष छापले. तेथून जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळीतून रिसर्पिन निघाले आणि डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुसलमान हकीमाची दृष्टी, त्याने नेमलेल्या रसायनज्ञाचे कष्ट, बंगाली डॉक्टरांचे निरीक्षण आणि मुंबईच्या पारशी डॉक्टरची चाचणी, एवढ्यांचे हात एका मुळीला लागले.

अजमलीन काय करते? हृदयाच्या पेशींत सोडियमचे कण आत शिरण्याच्या सूक्ष्म वाटा असतात. त्या वाटांतून विजेची लहर पुढे सरकते. अजमलीन त्या वाटा काही काळ अडवते, त्यामुळे लहर मंदावते आणि बेताल ठोका आवरतो. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी एक आनुवंशिक विकार वर्णन केला. त्यात वरून धडधाकट दिसणारा तरुण झोपेतही अकस्मात दगावू शकतो. हा दडलेला दोष उघड करण्यासाठी रुग्णालयात शिरेतून अजमलीन देऊन हृदयाचा आलेख पाहतात. हे काम तज्ज्ञांच्या नजरेखालीच होते, कारण ताल सुधारणारे औषध प्रसंगी ताल बिघडवूही शकते.

शिरेतूनच का, गोळी का नाही? विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न विचाराल तर तुम्ही खरे विज्ञानाचे विद्यार्थी. तोंडावाटे दिलेले अजमलीन रक्तात फार थोडे आणि बेभरवशाचे पोहोचते. गोळी गिळली की ती थेट हृदयात जाते असे आपण समजतो. तसे नाही. वाटेत लहान आतडे आणि यकृत ही दोन नाकी आहेत. आतड्याच्या भिंतीतील पेशींत आणि यकृतात विकरे, म्हणजे एन्झाइमे, असतात. अन्न पचविणारी विकरे आपण पुस्तकात वाचतो, पण परक्या द्रव्यांची मोडतोड करणारी विकरेही तेथे पहाऱ्यावर असतात. त्यांतील एकाला शास्त्रज्ञ सीवायपी-३ए-४ म्हणतात, ते आतड्यात विपुल असते. दुसरे सीवायपी-२डी-६, ते मुख्यतः यकृतात आणि थोडेसे आतड्यात असते. शिवाय आतड्याच्या पेशींत काही प्रथिने अशी असतात की आत आलेले औषध ती पुन्हा बाहेर ढकलतात, जणू पंपच. डॉक्टरने ठरविलेली मात्रा ही या सर्वांची वजावट धरून ठरविलेली असते.

आता खरी गोम अशी की, हृदयाचा ताल सांभाळणारी कित्येक औषधे या पहारेकऱ्यांनाच अडवितात. अजमलीन २डी-६ ला जोरदार अडविते. सिंकोनाच्या सालीतून निघणारे क्विनिडिनही तेच करते. क्विनिडिन तो पंपही अडविते. डिगॉक्सिन घेणाऱ्या रोग्याला क्विनिडिन दिल्यावर डिगॉक्सिन रक्तात धोकादायक प्रमाणात वाढते, हे १९७८ च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानी आले. आपल्याकडे आज पुष्कळ घरांत असलेले अमिओडॅरोन अशा अनेक विकरांना आणि त्या पंपालाही अडविते. त्यामुळे सोबत डिगॉक्सिन असेल तर विषबाधा आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन असेल तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. व्हेरापामिल ३ए-४ ला अडविते. म्हणजे दोन्ही गोळ्या चांगल्या, दोन्ही मात्रा बरोबर, तरी एकत्र आल्या की एकीची मात्रा शरीराच्या हिशेबाने दुप्पट होऊ शकते. उलटही घडते. कोडीन हे वेदनाशामक २डी-६ ने पालटल्यावरच नीट लागू पडते. विकर अडले की कोडीन घेऊनही वेदना शमत नाही. काही माणसांत हे विकर जन्मतःच दुबळे असते. म्हणून शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपल्याला मानवेलच असे नाही.

फळेही यातून सुटत नाहीत. आपल्या पपनसाच्या जातकुळीतील ग्रेपफ्रूट आतड्यातील ३ए-४ बंद पाडते; औषधावर होणारा त्याचा परिणाम १९८९ साली कॅनडातील संशोधकांना अनपेक्षितपणे आढळला. तेव्हापासून कित्येक औषधांसोबत ते फळ वर्ज्य सांगतात. पपनसाबाबतही अशी औषधे घेणाऱ्याने डॉक्टरला विचारलेले बरे.

वटार, आगाशी, सोपारा या आपल्या टापूतील वडीलधाऱ्यांची औषधाची पिशवी उघडून पाहा. विरारच्या डॉक्टरांनी दिलेली हृदयाची गोळी, शेजारी कुणा जाणत्याने दिलेली चूर्णाची पुडी, झोपेसाठी आणलेली सर्पगंधेची वटी, सांधेदुखीची दुकानातून आणलेली गोळी. प्रत्येकाला वाटते, झाडपाल्याने अपाय होत नाही. पण ज्या मुळीतून अजमलीन आणि रिसर्पिन निघाले, ती मुळी निरुपद्रवी कशी असेल? तिच्यात गुण आहे म्हणूनच अपायाची शक्ती आहे. हृदयाच्या औषधासोबत सर्पगंधा घेतली तर नाडी अतिमंद होणे, रक्तदाब फार उतरणे असे प्रकार घडू शकतात. आणि डॉक्टर रागावतील म्हणून पुडीची गोष्ट त्यांच्यापासून लपविली जाते, हे सर्वांत घातक.

म्हणून माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे. या सुट्टीत एक काम करा. घरात ज्यांना हृदयाचे अथवा रक्तदाबाचे औषध चालू आहे, त्यांच्या सर्व औषधांची यादी स्वच्छ अक्षरांत लिहून काढा. गोळी, काढा, चूर्ण, वटी, काहीही वगळू नका. नाव, मात्रा आणि वेळ लिहा. डॉक्टरकडे जाताना तो कागद आजी-आजोबांच्या हाती द्या. हकीमाकडे किंवा वैद्याकडे जातानाही तोच कागद दाखवा. कोणतेही औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नका, तेही तितकेच धोक्याचे आहे. आजी-आजोबांनी ज्यांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर कष्ट उपसले, त्या नातवंडांचे अक्षरज्ञान त्यांच्या उपयोगी पडण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

हकीम अजमल खान यांनी जुन्याचा त्याग केला नाही आणि जुन्याची पूजाही बांधली नाही. जुने आपले आहे म्हणून ते जपले, आणि आपले आहे म्हणूनच ते तपासून घेतले. जे तपासाला उतरले ते जगाचे झाले. त्यांच्या संस्थेतून एक रसायनज्ञ निघाला आणि एका मुळीचे गुपित उलगडले. आपल्या शाळेच्या बाकांवर आज बसलेल्या मुलामुलींतून असे कोण निघेल, हे अल्लाहच जाणे. आपले काम त्यांना बाकावर बसते ठेवण्याचे, प्रयोगशाळेत त्यांच्या हाती परीक्षानळी देण्याचे आणि त्यांनी प्रश्न विचारला असता रागावून गप्प न करण्याचे आहे. तेवढे आपण करू या.